एकदा बेतावे, अनेकदा विकावे
डिजिटल वस्तूंच्या छोट्या व्यापाराचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष बी. ए., अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात वस्तू म्हटली की गहू, कापड, कोळसा अशी उदाहरणे येतात. या सर्वांचा एक समान गुण असा, की विकणाऱ्याने वस्तू दिली की ती त्याच्याजवळ उरत नाही. आठवड्याच्या बाजारात मेथीची जुडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेली की पाटीतली एक जुडी कमी होते आणि पुढच्या बाजारासाठी पुन्हा शेतात वाकावे लागते. परंतु आज आपल्या डोळ्यांदेखत असाही एक व्यापार वाढत आहे, की ज्यात माल विकूनही तो विकणाऱ्यापाशी जसाच्या तसा राहतो. ई-पुस्तके, मुलांच्या सरावपत्रिका, हिशेबाचे तयार तक्ते, ध्वनिमुद्रित पाठ, अक्षरांचे फाँट, शिवणकामाचे नमुने अशा अनेक गोष्टी संगणकावर एकदा तयार होतात आणि मोबाइलवरून कितीही जणांना पाठवता येतात. यांनाच डिजिटल वस्तू म्हणतात.

अशा वस्तूंविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे, ‘हा घरबसल्या पैशाचा झरा आहे.’ दुसरे म्हणजे, ‘फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे कोण देणार?’ प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची परीक्षा करण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

कागदी नमुन्याचे उदाहरण

विवेचन हवेत राहू नये म्हणून मी एकच उदाहरण घेते, ते म्हणजे ब्लाउजच्या पेपर कटिंगचे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच; परंतु माप, प्रमाण आणि भूमिती यांचे ज्ञान घरात आधीपासून होते. आई शिवणकाम करते. तिने वर्तमानपत्रावर बेतलेले नमुने मापांप्रमाणे खिळ्याला टांगलेले असतात. शेजारच्या बाया ते मागून नेतात, आपल्या कागदावर उतरवून घेतात आणि परत आणून देतात. नमुना जातो आणि तरीही राहतो. डिजिटल वस्तूचा मूळ गुणधर्म तो हाच.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी नमुने विक्रीस काढले आणि त्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. त्याने कपडा विकला नाही. कपडा बेतण्याचे ज्ञान विकले. फरक एवढाच, की त्याला प्रत्येक प्रतीसाठी कागद आणि टपालखर्च लागे. पीडीएफ स्वरूपातील नमुन्याला तोही लागत नाही. छपाईचा खर्च गिऱ्हाईक करते.

निर्मिती : दिसते तितकी सोपी नाही

समजा, एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईने २८ ते ४४ छातीपर्यंत, दोन-दोन इंचांच्या अंतराने, नऊ मापांचा संच करायचे ठरवले. पहिली अडचण मापांच्या वाढीची. छाती दोन इंचांनी वाढली म्हणून खांदा त्याच प्रमाणात वाढत नाही; मुंढा, गळा, टक्स यांची वाढ निरनिराळी असते. एकच नमुना मोठा-लहान करून नऊ मापे होत नाहीत. प्रत्येक माप नव्याने बेतावे लागते आणि स्वस्त कापडावर शिवून, अंगावर घालून पाहावे लागते.

दुसरी अडचण छपाईची. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब असतो. पुढचा भाग त्यावर सहसा मावत नाही, म्हणून तो दोन कागदांवर विभागून जोडाच्या खुणा द्याव्या लागतात. शिवाय छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला गेला तर आकृती आक्रसते. ती शेकडा ९४ इतकीच छापली गेली, तर ३६ इंचांचे माप ३३.८४ इंचांवर येते आणि गिऱ्हाइकाचे कापड वाया जाते. यावर उपाय साधा आहे. पहिल्या पानावर दोन इंच बाजूचा चौकोन काढावा आणि ‘आधी हा चौकोन पट्टीने मोजा, मगच पुढची पाने छापा’ अशी ठळक सूचना द्यावी.

तिसरी बाब अक्षरांची. सूचना युनिकोड मराठीत असाव्यात, म्हणजे त्या कोणत्याही फोनवर वाचता येतात आणि त्यांत शब्दही शोधता येतो. फाँट निवडताना त्याचा परवाना पाहावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ मालिकेतील देवनागरी फाँट खुल्या परवान्याचे असल्याने व्यापारी कामातही वापरता येतात. शिलाईची माया नमुन्यात धरली आहे की नाही, हेही स्पष्ट लिहावे. हे एक वाक्य राहिले तर पुढे शंभर फोन येतात.

खर्च आणि किंमत

आता हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. ४० दिवसांचे श्रम, दररोज ४०० रुपयांप्रमाणे १६,००० रुपये. चाचणीचे कापड व छपाई २,००० रुपये. संगणकावरील रेखाटन २,००० रुपये. म्हणजे पहिली प्रत तयार होईपर्यंत २०,००० रुपये खर्च झाला. संचाची किंमत १०० रुपये ठेवली आणि पैसे स्वीकारण्याच्या व्यवस्थेपोटी प्रतीमागे २ रुपये गेले असे धरले, तर हाती ९८ रुपये येतात. खर्च भरून निघण्यास २०५ प्रती खपाव्या लागतील. ५० प्रतींवर सरासरी खर्च ४०२ रुपये, ५०० प्रतींवर ४२ रुपये आणि ५,००० प्रतींवर अवघा ६ रुपये येतो. सीमान्त खर्च मात्र सतत २ रुपयेच आहे.

येथेच पहिल्या मताचा फोलपणा दिसतो. सीमान्त खर्च नगण्य असणे म्हणजे श्रम नगण्य असणे नव्हे. श्रम आधी करावे लागतात आणि ते परत येतीलच याची हमी नसते. शिवाय एक छुपा सीमान्त खर्चही आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शंकेला दहा मिनिटे लागली, तर २०५ गिऱ्हाइकांमागे ३४ तासांहून अधिक वेळ जाईल. म्हणून चांगल्या सूचना लिहिणे हा निर्मितीचाच भाग समजला पाहिजे.

स्पर्धेत वस्तूची किंमत सीमान्त खर्चाकडे झुकते, असे आपण वर्गात शिकतो. सर्वांचे नमुने सारखेच असतील तर किंमत शून्याकडे जाणार. कार्ल शपिरो आणि हॅल व्हॅरियन या अर्थशास्त्रज्ञांनी ‘इन्फर्मेशन रूल्स’ या ग्रंथात यावर मार्ग सांगितला आहे. एकाच मालाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या कराव्यात आणि ज्याची जशी गरज तशी किंमत ठेवावी. आपल्या उदाहरणात एका मापाचा साधा नमुना विनामूल्य, नऊ मापांचा संच १०० रुपयांना आणि मराठीतून कृती समजावणाऱ्या चित्रफितीसह तोच संच २५० रुपयांना, अशी रचना करता येईल. घरी शिवणाऱ्या मुलीला पहिले पुरेल. दुकान चालवणारीला दुसरे लागेल. शिकाऊ बाई तिसरे घेईल.

विश्वासाचा प्रश्न

विनामूल्य नमुन्याला आणखी एक कारण आहे. १९७२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले केनेथ ॲरो यांनी १९६२ मधील एका निबंधात माहितीच्या बाजारातील पेच दाखवला होता. माहितीचे मोल ती हाती आल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा हाती आली की पैसे देण्याचे कारण उरत नाही. मेथी आपण हातात घेऊन पाहतो. पीडीएफ उघडून दाखवली तर ती दिल्यासारखीच झाली. तेव्हा एक भाग दाखवून उरलेल्या भागाची खात्री पटवणे, हाच त्यातला व्यवहार्य मार्ग.

नक्कल पूर्णपणे थांबवता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांनी २००० साली ‘द प्लांट’ ही कादंबरी भागाभागाने इंटरनेटवर दिली आणि पैसे वाचकांच्या सचोटीवर सोपवले. शेकडा ७५ वाचकांनी पैसे दिले तर लेखन चालू ठेवू, असे त्यांनी सांगितले होते. पुढच्या भागांना पैसे देणाऱ्यांचे प्रमाण घसरले आणि डिसेंबर २००० मध्ये सहा भागांनंतर हा प्रयोग थांबला. एवढा मोठा लेखकही केवळ सचोटीवर विसंबू शकला नाही. छोट्या विक्रेत्याने पानाच्या तळाशी खरेदीदाराचे नाव छापावे, चूक सापडल्यास सुधारलेली प्रत पाठवावी आणि शंकांना उत्तर द्यावे. चोरलेल्या प्रतीबरोबर या गोष्टी मिळत नाहीत. दुसऱ्या मताला हेच उत्तर आहे : लोक प्रतीला पैसे देत नाहीत, प्रतीमागे उभ्या असलेल्या माणसाला देतात.

कायद्याची चौकट

प्रताधिकार कायदा १९५७ नुसार साहित्यकृतीवर लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो; त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केले, की कल्पनेवर प्रताधिकार नसतो, तिच्या अभिव्यक्तीवर असतो. ब्लाउज कसा बेतावा ही रीत सर्वांची आहे. परंतु दुसऱ्याने काढलेली आकृती आणि लिहिलेली कृती उचलून आपल्या नावाने विकता येत नाही. हाच न्याय परीक्षेच्या नोट्सनाही लागू आहे, हे आपण विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

पैसे घेण्यासाठी २०१६ पासून यूपीआयची सोय आहे. सेवा पुरवणाऱ्यास वार्षिक उलाढाल २० लाख रुपये होईपर्यंत जीएसटीची नोंदणी साधारणपणे सक्तीची नाही. मात्र २०२० च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून खोटे अभिप्राय देणे निषिद्ध आहे.

आपला प्रश्न

हा विषय केवळ व्यापाराचा आहे असे मला वाटत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पदवीचा अनुभव नाही, ‘बी. ए. करून पुढे काय?’ हा प्रश्न रोज जेवताना ताटाशेजारी बसलेला असतो. नेमक्या याच काळजीचा बाजार मांडून ‘महिनाभरात लाखो कमवा’ असे सांगणारे शिकवणीवर्ग मोबाइलवर भेटतात. त्यांची खरी विक्रीयोग्य वस्तू एकच असते : आपली आशा. असा वर्ग घेण्यापूर्वी प्रत्येकाने विचारावे, की हे गृहस्थ जे शिकवतात त्यातून कमावतात, की शिकवण्यातूनच कमावतात?

उलट, आपल्या घराघरांत खरे ज्ञान पडून आहे. कोणाच्या वडिलांना रोपवाटिकेचे वेळापत्रक पाठ आहे, कोणाच्या आजीला जात्यावरच्या ओव्या, कोणाच्या मामाला बचतगटाचा चोख हिशेब. यांना कागद, मांडणी आणि शुद्ध मराठी हवे आहे. कला शाखेचा विद्यार्थी नेमके तेच देऊ शकतो. अर्थात ज्ञान ज्याचे, त्याचे नाव वर असावे आणि पैशात त्याचा वाटा असावा. आईचे नमुने मी संगणकावर उतरवले तर त्यावर नाव तिचेच राहील. लिहिण्याची मजुरी तेवढी माझी.

तात्पर्य, डिजिटल वस्तूला भांडवल थोडे लागते, परंतु सचोटी आणि श्रम पूर्ण लागतात. कापड एकदाच कापायचे असते, म्हणून शिंपी दोनदा मोजतो. जो नमुना हजार जणी कापणार आहेत, तो किती वेळा मोजावा, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा.