मोटारीची ठिणगी : रचना, परीक्षा व निगा

शेतकऱ्याच्या अंगणांत आज बैलगाडीशेजारीं मोटारगाडीही उभी दिसते. बाजारास माल नेणें, तालुक्याच्या कचेरींत जाणें, रात्रीं-अपरात्रीं दवाखाना गाठणें, हीं सर्व कामें तिच्यावर अवलंबून असतात. सर्पदंश झालेला माणूस गाडींत बसवावा आणि किल्ली फिरविल्यावर इंजिनानें पेट घेऊं नये, ही आपत्ति लहान नव्हे. असे दगे पुष्कळदां ठिणगीच्या यंत्रणेंतून उद्भवतात. ही यंत्रणा आतां संगणकाच्या ताब्यांत गेली, सबब मालकाला तींत कांहीं करतां येत नाहीं, असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. जुळवणी मालकाच्या हातून गेली. निगा व परीक्षा अद्याप त्याच्याच हातीं आहेत, हें येथें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, हें विवेचन पेट्रोल व सीएनजी यांवर चालणाऱ्या गाड्यांपुरतें आहे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दाबानें अतिशय तापलेल्या हवेंत डिझेलचा फवारा पडतांच तें आपोआप पेटतें.

ठिणगी कशी उत्पन्न होते

बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्ट असतो. प्लगच्या दोन टोकांमधील फट साधारणतः ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. परंतु सिलिंडरांत दाबल्या गेलेल्या मिश्रणांतून ती ओलांडण्यास हजारों व्होल्ट लागतात. हा दाब कॉईल निर्माण करते. तिच्या लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात. जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह वाहूं लागला म्हणजे गाभा लोहचुंबक बनतो. तो प्रवाह एकाएकीं तोडला कीं चुंबकत्व ढासळतें व बारीक तारेंत सुमारें २० ते ४० हजार व्होल्टपर्यंत दाब उत्पन्न होऊं शकतो. विहिरीवरील पंपाच्या नळांतून जोरानें वाहणारें पाणी एकदम अडविलें असतां नळाला जो हिसका बसतो, तो वाचकांनीं पाहिला असेल. कॉईलमधील प्रकार बराचसा त्यासारखाच आहे.

अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं १९१० च्या सुमारास बॅटरी व कॉईल यांची ही पद्धति कॅडिलॅक गाडींत आणली. पुढें अनेक दशकें प्रवाह तोडण्याचें काम प्वाइंट करीत आणि ठिणगी प्रत्येक सिलिंडरास वाटून देण्याचें काम डिस्ट्रिब्युटर करी. ज्यांनीं प्रीमियर पद्मिनी चालविली आहे त्यांस प्वाइंट घांसण्याचा व फट मोजण्याचा खटाटोप आठवत असेल. आधुनिक गाडींत हे दोन्ही भाग नाहींत. बहुधा प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतंत्र कॉईल बसविलेली असते. कांहीं गाड्यांत दोन प्लगांस मिळून एक असते. क्रँकची स्थिति कळविणारा सेन्सर संगणकास वर्दी देतो व संगणक ठिणगीचा क्षण ठरवितो. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ३,००० फेरे करीत असतां त्यास तेवढ्या वेळांत ६,००० ठिणग्या लागतात. अशा घाईच्या कामांत थोडा मळ, थोडी ओल किंवा सैल जोड हीही अडचण करूं शकतात.

आधीं परीक्षा, मग खरेदी

गाडी बिघडतांच प्लग, कॉईल, बॅटरी असें सर्वच बदलून टाकणें ही आपल्याकडील खर्चाची मोठी वाट आहे. रोग ओळखल्यावांचून औषध देऊं नये. लक्षणें मुख्यतः तीन प्रकारचीं असतात.

पहिलें : किल्ली फिरविली असतां स्टार्टर मंद फिरतो किंवा नुसता टकटक वाजतो. येथें प्रथम संशय बॅटरीचा व तिच्या जोडांचा घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मीटर सुमारें १२.६ व्होल्ट दाखवितो, १२.४ च्या खालीं असल्यास ती भरावी. इंजिन चालूं असतां साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. ते न मिळाल्यास दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा त्याच्या तारांचा असण्याचा संभव आहे. फवारणीच्या लहान पेट्रोल पंपास मॅग्नेटो असतो, म्हणून तो बॅटरीवांचून चालतो. मोटारीचा संगणक व पेट्रोलचा पंप हे मात्र बॅटरीवरच जगतात. म्हणून ती पूर्ण मेलेली असतां गाडी ढकलून उपयोग होत नाहीं.

दुसरें : स्टार्टर जोमानें फिरतो, पण इंजिन पेटत नाहीं. टाकींत इंधन आहे का, फ्यूज शाबूत आहेत का व चोरीपासून रक्षण करणारा किल्लीचा दिवा विझतो का, हें आधीं पहावें. हें सर्व ठीक असल्यास क्रँकचा सेन्सर, त्याची तार किंवा इंधनाचा पंप यांची तपासणी जाणत्या कारागिराकडून करवावी.

तिसरें : इंजिन पेटतें, परंतु थरथरतें व चढावर ओढ कमी होते. यास कारागीर 'मिसिंग' म्हणतात. संगणकास जोडावयाच्या यंत्रावर कोणता सिलिंडर चुकतो तें समजतें. किल्ली बंद करून, इंजिन गार झाल्यावर, त्या सिलिंडरची कॉईल शेजारच्या कॉईलशीं अदलाबदल करावी. दोष कॉईलबरोबर शेजारच्या सिलिंडरांत गेला तर कॉईल खराब. तेथेंच राहिला तर प्लग, तार, इंधनाचा फवारा किंवा सिलिंडरचा दाब तपासावा. गाडी गॅसवर अडखळते व पेट्रोलवर बरी चालते असें दिसल्यास झिजलेल्या प्लगचा संशय घेण्यास जागा आहे, कारण गॅसचें मिश्रण पेटविण्यास अधिक व्होल्ट लागतात.

या वेळीं समोरील पिवळा दिवा लुकलुकूं लागला तर गाडी दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन जळतें व तो अति तापून निकामी होतो. एका प्लगच्या किंमतीकडे पाहून टाळलेलें काम अशा रीतीनें फार महागांत पडतें.

प्लग काढल्यावर त्याच्या टोकाचा रंग पहावा. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा होय. कोरडी काळी काजळी असल्यास इंधन अधिक जात आहे किंवा हवेचा फिल्टर तुंबला आहे. तेलकट ओल असल्यास सिलिंडरांत तेल चढत आहे. पांढरें, फोड आलेलें टोक अति उष्णता दर्शवितें.

निगा

१. बॅटरीच्या जोडांवरील पांढरा-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें धुवावा, जोड कोरडे करून घट्ट बसवावे व वरून व्हॅसलीन लावावें. सोडतांना ऋण जोड प्रथम सोडावा व जोडतांना शेवटीं जोडावा. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवूं नये.

२. साधे निकेलचे प्लग सामान्यतः २० ते ४० हजार किलोमीटर, तर इरिडियमचे सुमारें एक लाखापर्यंत टिकतात. गॅसवर ते लवकर झिजतात. गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या जातीचेच प्लग घ्यावे. इरिडियमचें टोक तारेच्या ब्रशानें घांसूं नये.

३. प्लग इंजिन गार असतांच काढावा. बसवितांना आटे प्रथम हातानें जुळवावे व पुस्तिकेंतील मापापेक्षां अधिक आवळूं नये. ॲल्युमिनियमचे आटे सहज बिघडतात.

४. इंजिनावर जोरानें पाण्याचा फवारा मारूं नये. प्लगच्या खांचेंत पाणी सांचून ठिणगी भलत्याच वाटेनें जाते.

५. धान्याच्या कोठाराजवळ गाडी उभी राहत असल्यास उंदीर तारा कुरतडतात. महिन्यांतून एकदां तारा नजरेखालून घालाव्या व धुळीच्या रस्त्यांवर हवेचा फिल्टर लवकर लवकर पहावा.

६. इंजिन चालूं असतां कॉईल उपटून ठिणगी पाहण्याची जुनी चाल सोडावी. तींत मनुष्यास धक्का बसतो व यंत्रासही अपाय होतो.

बॅटरी व प्लग केव्हां बसविले तो दिनांक व किलोमीटरचा आंकडा पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. अशी नोंद व एक साधा व्होल्टमीटर जवळ असलेला मालक कारागिरापुढें अजाण म्हणून उभा राहत नाहीं. काय बदलावयाचें व काय नाहीं, हें तो विचारूं शकतो. दर वर्षीं मृगापूर्वीं पाभर व औतें तपासण्याची आपली वहिवाट आहे. त्याच दिवशीं मोटारीचे जोड, तारा व प्लग हेही पाहून घ्यावे, अशी आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे.