लेकरू सांगतं तेव्हा आपण काय करायचं?

या महिन्याचा पाठ बचतीचा नाही, कर्जफेडीचाही नाही. दशसूत्रीत आपण आरोग्य आणि शिक्षण म्हणतो, त्यातलाच हा विषय आहे, पण बैठकीत तो निघाला की सगळ्या खाली बघतात. म्हणून तो लिहून दिला आहे. गोल बसून एकीने मोठ्याने वाचावा. मध्ये थांबून बोलावंसं वाटलं तर थांबा, पाठ संपवायची घाई नाही.

बदलापूरचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. ऑगस्ट २०२४. ठाणे जिल्ह्यातल्या एका शाळेत चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कामगाराने स्वच्छतागृहात अत्याचार केला. तो कामगार त्याच महिन्यात कंत्राटावर लागला होता. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर बसले, दिवसभर गाड्या बंद होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आरोपी पुढे पोलिसांच्या गोळीने मेला, त्यावर टीव्हीवर पुष्कळ बोलून झालं. आपल्याला शिकण्यासारखं जे आहे ते त्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांत आहे.

त्या दिवसांत काय झालं ते नीट बघा. एका लेकराने घरी दुखतंय म्हणून सांगितलं. घरच्यांनी ते उडवून लावलं नाही. त्यांनी दुसऱ्या मुलीच्या घरी विचारलं, तर तीही शाळेत जायला घाबरत होती. डॉक्टरकडे नेलं. इथवर घरच्यांनी सगळं बरोबर केलं. मग १६ ऑगस्टला पोलीस ठाण्यात गेले, तर तक्रार लिहून घ्यायला अकरा-बारा तास लावले. शाळेने स्वतःहून पोलिसांना कळवलं नाही, म्हणून शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ बाईमाणूस नेमलेली नव्हती. म्हणजे चार वर्षांचं लेकरू बोललं, आईबाप हलले, आणि ज्यांचं काम होतं ते मोठे थांबून राहिले.

आपल्या गावात असं लेकरू बोललं तर? खरं सांगा, पहिलं वाक्य काय निघेल? “गप, असलं बोलू नये.” नाहीतर “कोणाला सांगू नको, बदनामी होईल.” लेकरू लगेच ओळखतं की हे सांगायचं नसतं. पुढच्या वेळी ते सांगत नाही.

त्याऐवजी काम थांबवून लेकराजवळ खाली बसा. “बरं केलंस सांगितलंस, तुझी काही चूक नाही,” एवढं म्हणा. उलटसुलट विचारू नका, सारखं सारखं वदवून घेऊ नका, शेजारणीसमोर परत बोलायला लावू नका. लेकराने जे शब्द वापरले तेच तारीख-वेळेसह एका कागदावर लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवाकडून किंवा सीआरपी ताईकडून लिहून घ्या. अंगाला काही झालं असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते तसेच कागदी पिशवीत ठेवा. आईचा पहिला जीव लेकराला स्वच्छ करण्याकडे जातो, ते साहजिक आहे, पण पुरावा त्यातच जातो. सरळ सरकारी दवाखान्यात न्या. तपासणीसाठी आधी गुन्हा नोंदलेला असावाच लागतो असं नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि आई किंवा लेकराचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस जवळ असू शकतं.

यासाठी २०१२ सालचा पोक्सो कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या सगळ्या लेकरांसाठी, मुली आणि मुलगे दोघांसाठी. मुलग्यांचं नाव मुद्दाम घेते, कारण “पोराला काय होतंय” असं आपण म्हणतो. केंद्र सरकारने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लैंगिक त्रास झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. आणि त्रास देणारे निम्मे जण ओळखीचे, विश्वासातले.

या कायद्यात गुन्हा कळला असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. मग ते मुख्याध्यापक असोत की आपण. आपला अंदाज चुकला तर आपल्यावरच केस होईल, ही भीती बैठकीत नेहमी निघते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. “आमच्या हद्दीत येत नाही” हे उत्तर चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवूनच घेत नसतील तर परभणीला पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा. लेकराचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि वर्दी न घालता. रात्री लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. मनोधैर्य योजनेची मदतही त्याच कार्यालयातून होते. आणि ठाण्यात एकट्या आईला पाठवू नका. चार बायका सोबत असल्या की बारा तास बसवून ठेवणं तितकं सोपं राहत नाही.

आता शाळेकडे वळू. आपल्यातल्या कितीतरी जणी शाळेत पोषण आहार शिजवतात. शाळा तुम्ही रोज आतून बघता. साहेब लोक वर्षातून एकदा येतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? पाणी नाही म्हणून लेकरं मागच्या पडीक जागेत जातात का? मधल्या सुट्टीत बाहेरचं कोण येऊन बसतं? लेकरांना ऑटोने नेणारा माणूस कोण, कुठला? हे तुम्हाला आधी दिसतं.

मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये ‘सखी सावित्री समिती’ असायला हवी. तिच्यात अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, महिला पालक, ग्रामपंचायतीची महिला सदस्य असतात. बदलापूरनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने पुन्हा आदेश काढला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चौकशी करूनच नेमणूक, आणि काही घडलं तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं. कागदावर हे सगळं आहे. गावात आहे का, ते विचारायचं काम आपलं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात, म्हणजे विचारायचा हक्क आधीच हातात आहे. मास्तरांवर संशय घ्यायला जाऊ नका. बहुतेक गुरुजी, बाई जीव लावून शिकवतात, आणि त्यांनाही आपली सोबत हवीच असते. गटाच्या वह्या तपासतो तेव्हा आपण कुणाला चोर म्हणत नाही, तसंच हे.

लेकरांना ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शाळेत शिकवतात. ते बरंच आहे, पण अपुरं आहे असं मला वाटतं. त्रास देणारा माणूस सुरुवातीला चॉकलेट देतो, लाड करतो. तेव्हा लेकराला वाईट काही वाटतच नाही. म्हणून सोपं सांगा: चड्डीच्या आतल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, कोणी आपल्याला त्याच्या तसल्या जागेला हात लावायला सांगायचं नाही. दवाखान्यात आई जवळ असली तरच. आणि ‘आईला सांगू नको’ असं जो कोणी म्हणेल, मामा असो, काका असो, ते आईला पहिलं सांगायचं. त्या अवयवांची नावंही लेकराला माहीत असू द्या, नाहीतर सांगणार कसं? चाइल्डलाइनची ‘कोमल’ नावाची कार्टून फिल्म मोबाईलवर मिळते, ती लेकरासोबत बसून बघा.

मोबाईलचंही तसंच. रानातून आलं की आपण लेकराच्या हातात फोन देतो आणि भाकरी टाकायला बसतो. दुसरं कोण सांभाळणार त्याला? फोन काढून घ्या असं सांगून उपयोग नाही. पण लेकरू फोन घेऊन आपल्या नजरेसमोर बसेल, गोधडीत किंवा माळवदावर नाही, एवढं करता येतं. गेममध्ये आवाजाने बोलणारा ‘दादा’ कोण आहे, हे आपल्याला माहीत नसतं. गाव, शाळा, फोटो त्याला द्यायचा नाही. यूपीआयचा पिन लेकराला सांगू नका. शाळेच्या गणवेशातला, नावासकट फोटो स्टेटसला ठेवू नका. कोणी फोटोवरून धमकी दिली तर पैसे देऊ नका, आणि मेसेज पुसूही नका, तोच पुरावा. १९३० वर फोन करा. आणि एक कडक गोष्ट: कुठल्या लेकराचा तसला व्हिडिओ गटावर आला तर “बघा, काय चाललंय” म्हणूनही पुढे पाठवायचा नाही. तो पाठवणं हा गुन्हा आहे. पीडित लेकराचं नाव, शाळा, घर सांगणंही गुन्हा आहे.

नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा: लेकरांसाठी १०९८, पोलीस ११२, महिलांसाठी १८१.

एक काम मात्र दिवाळीआधी उरकायचं आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातल्या आपल्या कितीतरी जणी तोडीला जातात, लेकरं आजीकडे राहतात. टोळीचा ट्रक निघायच्या आधी प्रत्येक अशा आईने शाळेत जाऊन लिहून द्यावं: लेकराला घ्यायला कोण येईल, कोणाशिवाय दुसऱ्या कोणाबरोबर पाठवायचं नाही, आणि फडावर फोन कोणत्या नंबरवर लागतो. गावात राहणाऱ्या एका मैत्रिणीचं नाव त्या कागदावर आजीच्या नावाखाली घाला. त्या मैत्रिणीने आठवड्यातून एकदा लेकराला घरी बोलावून जेवू घालावं आणि सहज विचारावं, शाळेत काय काय झालं म्हणून. कोणाचं लेकरू कोणाकडे, हे पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.