पोलादी नळी आणि भूसंपर्क

विजेच्या तारांना खिळे, उंदीर व आघात यांपासून संरक्षण मिळावे म्हणून त्या पोलादी नळीतून नेण्याची पद्धत जुनी आहे. कारागीर या नळीला काँड्यूट म्हणतात. नळी धातूची असल्यामुळे तिच्यावर भूतारेचे कामही सोपविता येते. यंत्रातील तारेचे वेष्टन फाटून वीज त्याच्या लोखंडी अंगात उतरली, तर तिला उगमाकडे परतण्यास सुलभ वाट हवी. वाट जितकी सुलभ तितका प्रवाह मोठा, आणि तितक्याच त्वरेने वितळतार वितळून पुरवठा बंद होतो.

पोलादाचा रोध तांब्याच्या सुमारे आठ-नऊ पट असतो. तथापि नळीत धातू पुष्कळ. बाहेरचा व्यास २० मिलिमीटर व जाडी १.६ मिलिमीटर असेल, तर धातूचा छेद सुमारे ९२ चौरस मिलिमीटर भरतो. म्हणजे सुमारे १० चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची बरोबरी. प्रत्यावर्ती प्रवाहात पोलादाच्या चुंबकत्वामुळे अडथळा वाढतो, हे खरे. पण घरगुती मंडलास नळी तरीही पुरी पडते.

खरा प्रश्न सांध्यांचा आहे. नळीचे तुकडे आटे पाडून सॉकेटने जोडतात. आटे सैल राहिले, पेटीवरील रंग न खरवडता चेकनट बसविला, किंवा समुद्रकाठच्या दमट हवेत गंज चढला, की रोध वाढतो. समजा, संपूर्ण मंडलाचा रोध १ ओहम आहे. दोष उद्भवताच २३० व्होल्ट दाबाने २३० अँपिअर प्रवाह वाहील व १६ अँपिअरची वितळतार तत्काळ वितळेल. आता एका गंजलेल्या सांध्याने २० ओहमची भर घातली, असे धरू. प्रवाह जेमतेम ११ अँपिअर होईल. वितळतार शाबूत राहील. यंत्राच्या अंगावर मात्र सुमारे २१९ व्होल्ट दाब टिकून राहील आणि त्या एका सांध्यात २,४०० वॉट उष्णता निर्माण होईल. एवढ्या उष्णतेने शेजारचे लाकूड पेटू शकते.

३० मिलिअँपिअर गळतीस प्रतिसाद देणारे रक्षक यंत्र अशा वेळी पुरवठा तोडते. परंतु सांधा पूर्णपणे तुटला असेल, तर गळतीला वाटच उरत नाही. मग माणसाने यंत्राला स्पर्श केल्यावरच ते जागे होते.

ब्रिटन व अमेरिकेच्या नियमांत योग्य प्रकारच्या धातूनळीस संरक्षक वाहक म्हणून मान्यता आहे. तरीही नळीतूनच एक स्वतंत्र तांब्याची भूतार ओढून घेणे आम्हांस अधिक इष्ट वाटते. खर्च अल्प असतो. जुन्या इमारतींत तर ते अगत्याचे आहे, कारण दुरुस्तीच्या वेळी मधलाच एखादा तुकडा काढून तेथे प्लॅस्टिकची नळी बसविली जाते. दिवे व पंखे पूर्ववत चालतात, त्यामुळे वाट तुटल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. तपासणी करताना अल्प प्रवाहाच्या मापकावर विसंबू नये. धातूचा निसटता स्पर्शही त्यावर उत्तम सांधा म्हणून दिसतो. काही अँपिअर प्रवाह सोडून प्रत्येक टोकापासून मुख्य भूसंपर्कापर्यंतचा रोध मोजावा.