कमी स्फुरदाचं रान

कोकणातल्या जांभ्या मातीवर मी माती परीक्षण शिकले आणि पुढची बरीच वर्षं हवाईच्या बेटांवर, लागवडीच्या झाडांखालची माती तपासण्यात गेली. मूळ खडक दोन्हीकडे बेसॉल्टचा, पाऊस दोन्हीकडे मुसळधार, आणि स्फुरद घट्ट धरून ठेवणारं लोह-ॲल्युमिनियमही दोन्हीकडे भरपूर. त्यामुळे ओळखीच्या गावी आल्यासारखं वाटलं होतं. त्या मातीने जे शिकवलं, त्यातलं थोडं इथे मांडते.

१. 'उपलब्ध स्फुरद' हा आकडा मातीत तयार ठेवलेला नसतो. आपण कसं काढू तसा तो निघतो. हवाईच्या मोठ्या बेटावर हामाकुआ किनारा आहे. तिथल्या पावसाळी उतारावरची माती मुठीत घेतली की लोण्यासारखी गुळगुळीत लागते आणि आवळली की बोटांच्या फटींतून चक्क पाणी निथळतं. तीच वाळवली की तिचे कडक बारीक खडे होतात आणि पुन्हा कितीही भिजवले तरी ते पूर्ववत होत नाहीत. नमुना सावलीत वाळवा, कुटा, चाळून घ्या, हे आपल्याकडे पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवतात. इथे त्या पहिल्याच पायरीवर माती दुसरी होऊन जाते. पुढे स्फुरद काढायचं द्रावण ब्रेचं घेतलं की ओल्सेनचं, त्यावरही आकडा बदलतो. परीक्षानळीत स्फुरद दाखवणारी मॉलिब्डेटची निळाई गडद होत जाते ते बघायला मला अजूनही आवडतं, पण फॉक्स आणि काम्प्रथ यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. मोजून स्फुरद घालायचं, सहा दिवस मातीबरोबर मुरू द्यायचं आणि मग पाण्यात किती उरलं ते बघायचं. हामाकुआची माती इतकं गिळते की पाण्यात जेमतेम काही उरतं.

२. स्फुरदाची कमतरता हे जमिनीचं वय असतं. पीटर व्हिटूसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बेटांवर जमिनींची एक माळच अभ्यासली. एका टोकाला किलाउएआ ज्वालामुखीजवळचा सुमारे ३०० वर्षांचा थर, दुसऱ्या टोकाला काउआई बेटावरची सुमारे ४१ लाख वर्षांची जमीन. उंची, पाऊस, तापमान जवळपास सारखं आणि सगळीकडे मुख्य झाडही एकच, ओहिआ. तरुण लाव्ह्यावर हे झाड नत्रासाठी अडलेलं असतं, कारण नत्र खडकात नसतं. म्हाताऱ्या जमिनीवर खडकातलं स्फुरद झिजून वाहून गेलेलं किंवा लोह-ॲल्युमिनियमच्या मुठीत अडकलेलं. तिथे नत्र घालून ओहिआ हलत नाही. स्फुरद घातलं की वाढतो. झाड तेच, पाऊस तोच आणि भूक निराळी. हे मी वाचलेलं होतं, तरी दोन्ही टोकांच्या रानात उभी राहिले तेव्हाच ते खरं पटलं.

३. मग काउआईचं रान जगतं कशावर? याचं उत्तर १९९९ मध्ये चॅडविक आणि सहकाऱ्यांनी दिलं: बऱ्याच अंशी आशियातल्या वाळवंटांतून समुद्र ओलांडून येणाऱ्या धुळीवर. दर हेक्टरी वर्षाला स्फुरद काही ग्रॅमच. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या एका पोत्यात साडेतीन किलोच्या आसपास स्फुरद असतं. हा हिशोब मांडल्यापासून पोतं उचलताना माझा हात जड होतो.

४. माझ्या शिक्षणात 'कमी' म्हणजे 'भरून काढा' असंच होतं. शेतात ते बरोबरच आहे. पण बेटावरच्या मूळ रानाला ही गरिबी मानवलेली असते. ओहिआ थोडक्यात भागवतो, पान गळण्याआधी त्यातलं स्फुरद बरंचसं मागे ओढून घेतो. बाहेरून आलेल्या भरभर वाढणाऱ्या वनस्पतींना तेवढ्यावर निभावणं जड जातं. तिथल्या डोंगरी जंगलांत नत्र-स्फुरद घालून केलेल्या प्रयोगांत परक्या वनस्पतींचं प्रमाण वाढलेलं दिसलं. स्फुरद हवेत उडून जात नाही, पाण्यात विरघळून सहज झिरपूनही जात नाही. नत्राची चूक काही काळाने विरते. स्फुरदाची पिढ्यान्‌पिढ्या मातीत राहते. लागवडीच्या कुंपणापलीकडे मूळ रान असेल तर ही जोखीम माती परीक्षणाच्या कुठल्याच अहवालाच्या रकान्यात येत नाही, याची मला मनापासून चिंता वाटते.

५. खत घालायला माणूसच लागतो असंही नाही. जोसेफ रॉक यांनी १९१७ मध्ये हवाईत आणलेलं अल्बिझिया हे मूळचं मोलुक्का-न्यू गिनीकडचं झाड. नत्र स्वतः बांधतं आणि डोळ्यांदेखत उंच होतं. हामाकुआला निलगिरीच्या जोडीला लावून पाहिलं तेव्हा निलगिरीला त्याचा फायदाच झाला. पण मोठ्या बेटाच्याच पुना भागातल्या कोवळ्या लाव्ह्यावर ते ओहिआच्या रानात शिरलं. त्याच्याखाली पाचोळ्यातून पडणारं नत्र आणि स्फुरद मूळ रानाच्या कितीतरी पट भरतं, आणि खाली स्ट्रॉबेरी पेरूची दाट जाळी उठते. त्या जाळीत ओहिआचं रोप शोधत मी खूप फिरले आहे. लाकूड ठिसूळ, म्हणून २०१४ च्या इझेल वादळात ही झाडं रस्त्यांवर आणि विजेच्या तारांवर कोसळली. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते वादळ. मातीतला बदल मात्र कुणाच्याच डोळ्यांत भरत नाही.

६. निलगिरी तोडताना स्फुरदाचा मोठा वाटा सालीत आणि पानांत असतो, खोडात त्या मानाने कमी. साल आणि डहाळ्या तिथेच पसरल्या तर ते जागेवर राहतं आणि उघड्या उतारावर पावसाचा माराही कमी बसतो. हामाकुआचा साखर धंदा नव्वदच्या दशकात बंद झाला, तेव्हा उसासाठी पिढ्यान्‌पिढ्या खत खाल्लेल्या जमिनीवर निलगिरी आली. तिथे प्रश्न कमतरतेचा कमी आणि धुपेचा जास्त, कारण स्फुरद मातीच्या कणाला चिकटूनच ओढ्यात आणि पुढे समुद्रात जातं. म्हणून कुणी अहवाल घेऊन खताचा हप्ता विचारायला आलं, की मी आधी विचारते: उतार किती, तोड कुठल्या महिन्यात, आणि बांधाला लागून काय उभं आहे? शेजारी ओहिआ असेल तर खत सुचवत नाही, मग कागदावर स्फुरद कितीही कमी दिसो. झाडं सावकाश वाढतील असं सांगते, आणि ज्यांना घाई आहे त्यांना उसाच्या जुन्या जमिनी दाखवते.