दिवसाची वीज आणि गावची जमीन

नांदेड आणि लातूर हे गोदावरी व मांजरा खोऱ्यांतील जिल्हे. येथील खरीप पावसावर पिकतो. परंतु रब्बीचा हरभरा, गहू आणि वर्षभराचा ऊस यांची भिस्त विहिरी व कूपनलिकांवरील पंपांवर असते. पंपाला रात्री वीज मिळाली की शेतकऱ्यालाही रात्रीच बांधावर जावे लागते. थंडी, साप-विंचवाचे भय आणि अंधारात वाया जाणारे पाणी ही या रात्रपाळीची किंमत होय. दिवसा वीज मिळावी, ही मागणी म्हणूनच सोयीपुरती नाही. तिच्यात जीविताचा प्रश्न आहे.

या मागणीला उत्तर म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. योजनेचे तत्त्व सोपे आहे. शेतीपंपांची वीजवाहिनी गावठाणाच्या वाहिनीपासून वेगळी करावयाची आणि उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून तिला दिवसा वीज पुरवावयाची. वीज जवळच निर्माण झाल्याने वहनातील गळतीही कमी होते.

उन्हाचा हिशेब

एक मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पास साधारणपणे चार ते पाच एकर जमीन लागते. पाच अश्वशक्तीच्या पंपास सुमारे पावणेचार किलोवॅट वीज लागते. म्हणजे प्रकल्प भर उन्हात चालू असता ढोबळ हिशेबाने दोनशे पंप एकाच वेळी चालू शकतात. सकाळी, सायंकाळी व ढगाळ हवेत हे प्रमाण घटते. म्हणून पाळ्यांचे वेळापत्रक आवश्यक ठरते.

ऊन अधिक म्हणजे वीज अधिक, हा समज मात्र अपुरा आहे. सौर पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानास मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे ती साधारणतः ०.३ ते ०.४ टक्के घटते. वैशाखात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर निर्मितीत १२ ते १६ टक्के घट येते. त्यात काळ्या मातीच्या धुळीची भर पडते. पॅनेल धुण्यास पाणी हवे. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात कोरड्या स्वच्छतेची साधने प्रकल्पाच्या आराखड्यातच असली पाहिजेत.

गायरानाचा प्रश्न

प्रकल्पासाठी शासकीय जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते. खाजगी जमिनीस दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरले असून त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीस वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षे प्रोत्साहनपर निधीची तरतूद आहे.

तथापि कागदावर मोकळे दिसणारे गायरान प्रत्यक्षात क्वचितच मोकळे असते. तेथे गावची गुरे व शेळ्या चरतात. कोठे भूमिहीन कुटुंबे ते वर्षानुवर्षे कसतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४ च्या सत्याग्रहांनी भूमिहीनांचा जमिनीवरील हक्क राज्यापुढे मांडला होता. ज्याची विहीर आहे त्यास दिवसा वीज मिळावी आणि ज्याची केवळ शेळी आहे त्याचे कुरण जावे, असे घडल्यास योजनेचा हेतू अर्धाच साधेल.

यास मार्ग आहेत. जागा निश्चित करण्यापूर्वी तलाठी व ग्रामसेवकांनी चराई, पायवाटा, पाणवठे आणि कसणारी कुटुंबे यांची स्थळपाहणी करून ती ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी. मुरमाड, पडीक जमिनीस प्राधान्य द्यावे. चराईचा काही भाग राखून ठेवावा आणि प्रोत्साहन निधीतून चारा व पाणवठ्याची सोय करावी. पॅनेल उंचावर बसवून त्याखाली पीक घेण्याचे प्रयोग परभणी परिसरात झाले आहेत. त्यांचे निष्कर्षही अभ्यासण्यासारखे आहेत.

सूर्य साऱ्या गावावर सारखाच तळपतो. त्याच्या विजेचा लाभही तसाच सर्वांपर्यंत पोहोचावा, हे पाहणे ग्रामसभेच्या हाती आहे.