किरणांची नोंद रक्तात!

सप्टेंबर १९८७. ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका बंद पडलेल्या दवाखान्यातील किरणोपचार यंत्राचा भाग भंगारात गेला. आतील निळसर चमकणारी सीझियमची पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. चौघे दगावले. पण कोणाला किती किरण लागले, हे कसे ओळखणार? उत्तर रक्तात होते. किरणांनी पांढऱ्या पेशींतील गुणसूत्रे तुटतात व भलतीच जोडली जातात. एका गुणसूत्राला दोन मध्यबिंदू येतात. पेशी दोन दिवस वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली अशी गुणसूत्रे मोजतात व त्यावरून मात्रा काढतात. मात्र, काही वर्षांत ती कमी होतात. तुकड्यांची अदलाबदल टिकते. हिरोशिमातून वाचलेल्यांत ती अनेक दशकांनी आढळली. छातीच्या एखाद्या एक्स-रेची मात्रा इतकी अल्प असते, की या तपासणीत ती कळतच नाही.