डाग म्हणजे दोष नव्हे

माणसाच्या शरीरातील सर्वांत मोठे इंद्रिय कोणते, असे विचारले तर पुष्कळांना चटकन उत्तर सुचत नाही. ते इंद्रिय म्हणजे त्वचा होय. प्रौढ माणसाची त्वचा पसरून ठेवता आली, तर ती दीड ते दोन चौरस मीटर जागा व्यापील. ऊन, धूळ व रोगजंतू यांना ती बाहेरच थोपवून धरते, घामावाटे शरीराचा दाह शमविते आणि स्पर्शाची वार्ता मेंदूकडे पोहोचविते. असा हा दक्ष पहारेकरी आहे. परंतु पोटातील विकार चारचौघांच्या दृष्टीस पडत नाही, त्वचेचा विकार मात्र लगेच पडतो. म्हणून त्वचेच्या रोग्याला दोन दुःखे सोसावी लागतात: एक रोगाचे आणि दुसरे लोकांच्या नजरेचे.

सातारा व सांगली हे कृष्णाकाठचे दोन शेजारी जिल्हे. पूर्वी ते एकत्र होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ऊस, हळद आणि द्राक्षे पिकविणाऱ्या या मुलखात त्वचारोगतज्ज्ञाकडे नाना तऱ्हेची माणसे येतात. घामोळ्यांनी रडवेले झालेले तान्हे मूल येते, रात्रभर अंग खाजविणारा शाळकरी मुलगा येतो, पायांना भेगा पडलेले शेतकरी आजोबाही येतात. वैद्य प्रत्येकाला उजेडात बसवून निरखून पाहतो. डाग केव्हा उठला, खाज केव्हा सुटते, घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, हे तो शांतपणे विचारतो. रोगाचे नाव अचूक ठरविणे, हे त्याचे पहिले काम असते.

खरूज एका अतिशय बारीक किड्यामुळे होते. हा किडा त्वचेत बीळ करून राहतो. त्यामुळे रात्री खाज फार सुटते. एकट्या मुलाला औषध लावून भागत नाही. घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे लागते व कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे लागतात. गजकर्ण बुरशीमुळे होते. कित्येक जण दुकानातून मिळेल ते मलम आणून त्यावर चोळतात. अशा काही मलमांत स्टेरॉइड नावाचे द्रव्य असते. त्याने चार दिवस खाज थांबते, पण आत बुरशी पसरतच राहते आणि पुढे रोग हटवादी होतो.

कोडाची गोष्ट निराळी आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्या म्हणजे तेथे पांढरा डाग पडतो. कोड स्पर्शाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही आणि ते कोणत्याही पापाचे फळ नाही. तरीही अज्ञानामुळे लोक त्याला कुष्ठ समजतात आणि बिचाऱ्या रोग्याला दूर लोटतात.

कुष्ठरोगाचा फिकट वा तांबूस चट्टा बहुधा बधिर असतो. रोग्याला डोळे मिटावयास सांगून वैद्य त्यावर कापसाचा पातळ धागा हळूच फिरवितो. जेथे धागा लागलेला कळत नाही, तेथे संशयाला जागा असते. हा चट्टा खाजत नाही, दुखत नाही. म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो आणि पुढे हातापायांच्या नसा निकामी होतात.

एके काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. रोग्याला गावाबाहेर काढीत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उभारले, आणि त्याच मिरजेत पुढे कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन रुग्णालय चालू लागले. ज्यांना सगेसोयरे शिवत नसत, त्यांच्या जखमा तेथे धुतल्या जाऊ लागल्या. कुष्ठरोग शाप नसून जंतूंमुळे होतो, हे नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ मध्येच दाखविले होते. पुढे औषधे सापडली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत पुरस्कारिली. आज सरकारी दवाखान्यात ही औषधे विनामूल्य मिळतात. सहा किंवा बारा महिने ती नेमाने घेतली की रोग बरा होतो; आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून इतरांना असलेला धोका टळतो.

औषध आले, पण भीती मात्र मागे रेंगाळली. कुष्ठरोगी भिकाऱ्यांना पकडून वेगळे ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. पती किंवा पत्नीला कुष्ठरोग आहे, एवढ्याच कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. कायद्याच्या पुस्तकातून भेदभाव पुसला जातो. मनातून तो पुसण्याचे काम प्रत्येकाला स्वतःच करावे लागते.

मराठीत वाईट वर्तनालाही आपण 'डाग' म्हणतो. या एका शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. कातडीवरील डाग हा रोगाचा असतो. त्यात माणसाचा दोष नसतो. तो लपविला तर वाढतो, वेळेवर दाखविला तर पुष्कळदा बरा होतो. अंगावर बधिर चट्टा दिसताच जे मूल न लाजता आईवडिलांना सांगते, ते आपले हातपाय वाचविते. आणि डाग असलेल्या सोबत्याशेजारी जे मूल बाकावर नेहमीसारखे बसते, ते त्याचे दुसरे दुःख हलके करते. या दुसऱ्या दुःखावरचे औषध कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही.

स्वाध्याय
१. त्वचेच्या रोग्याला कोणती दोन दुःखे सोसावी लागतात?
२. कोड व कुष्ठरोग यांतील फरक सांगा.
३. खरूज झाल्यास घरातील सर्वांनी औषध का लावावे?
४. 'डाग' हा शब्द दोन वेगवेगळ्या अर्थांनी वाक्यांत योजा.